२५ मिलिमीटरचा हिशेब : एका प्रबंधाच्या नोंदी

२ जून

दंतवैद्यकाच्या प्रबंधाची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, पास झाली. एथिक्स कमिटीने दोनच प्रश्न विचारले. माझ्या कामात पेशंटच नाही म्हटल्यावर त्यांचाही रस संपला. ॲडिशन सिलिकॉन, कंडेन्सेशन सिलिकॉन आणि पॉलिइथर या दातांचे ठसे घ्यायच्या तीन रबरी मटेरिअल्सचे ठसे घ्यायचे, आणि अर्ध्या तासाने, २४ तासांनी, ७ दिवसांनी ते किती आकसले ते मोजायचं. ओपीडीत आम्ही याला 'माप घेणं' म्हणतो, पेशंटही तेच म्हणतात. "डॉक्टर, माप बरोबर आलं ना?" या प्रश्नाला मी इतकी वर्षं बिनदिक्कत हो म्हणत आले. किती बरोबर, असं कोणी विचारलं नाही म्हणून निभावलं.

सही करताना माझ्या गाइड मॅडम एवढंच म्हणाल्या, "पावसाळ्यात सुरू करते आहेस, बघ बाई." मी मान डोलावली. कशाबद्दल म्हणाल्या ते कळलं नव्हतं.

५ जून

आयएसओ ४८२३, म्हणजे या मटेरिअल्सचं आंतरराष्ट्रीय मानक, वाचून काढलं. त्यातला ठोकळा दिसायला साधा आहे. स्टेनलेस स्टीलचा गोल ठोकळा, माथा आरशासारखा घासलेला. त्यावर तीन आडव्या रेघा, २०, ५० आणि ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या, आणि त्यांना छेदणाऱ्या दोन उभ्या रेघा, एकमेकींपासून २५ मिलिमीटरवर. आडव्या रेघांवरून मटेरिअल किती बारकावा उचलतं ते कळतं, उभ्या रेघांमधल्या अंतरावरून ते किती आकसलं ते. लाइट बॉडीने, म्हणजे पातळ मटेरिअलने, २० ची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता उचलायला हवी. घट्ट हेवी बॉडीला ५० ची पुरते, कणकेसारख्या पुटीला ७५ ची. अल्जिनेटचं (पाण्यात कालवायची ठशाची पावडर) मानक वेगळं आहे, त्याला ५० ची रेघ आली की पास.

आकसण्याची मुभा १.५ टक्के. म्हणजे २५ मिलिमीटरमागे ३७५ मायक्रॉन! मॅडमना दाखवलं तर हसल्या. "एवढी सूट दिली तर सगळेच पास." एडीएच्या (अमेरिकन डेंटल असोसिएशन) १९ क्रमांकाच्या जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये २४ तासांनंतरची मर्यादा अर्धा टक्का होती, ती जरा माणसात आल्यासारखी वाटते. चांगलं ॲडिशन सिलिकॉन प्रत्यक्षात ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या घरात राहतं, पॉलिइथर ०.२ ते ०.३, कंडेन्सेशन सिलिकॉन ०.४ ते ०.६. टक्के मोडून मायक्रॉन केले. ॲडिशन सिलिकॉनचा सगळा खेळ २५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस साधारण ७० चा असतो. मला जे पकडायचंय ते केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, हे आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

९ जून

साकीनाका. गल्लीतून आत, मग आणखी आत, पहिल्या मजल्यावरचा गाळा. लेथवर बसलेले काका मूळचे कराडचे. चित्र बघून म्हणाले, "ठोकळा परवा घेऊन जा. पण ताई, २० मायक्रॉनची रेघ ओढायला माझं टूल नाही चालायचं. ती लेझरवाल्याकडे." मग कागद पुन्हा जवळ घेतला. "आणि मोजणार कशावर?" कॉलेजमधल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर, म्हटलं. काकांनी फक्त "बरं" म्हटलं. हे "बरं" साधं नव्हतं.

१७ जून

लेझरवाल्याने पहिल्या खेपेला २० ची रेघ ३४ ची करून दिली, कडांना बर, म्हणजे धातूचे खरखरीत कंगोरे, धरलेली. परत पाठवली. दुसऱ्या खेपेला जमली. ठोकळा एनएबीएल मान्यतेच्या एका कॅलिब्रेशन लॅबमधून तपासून घेतला. उभ्या रेघांमधलं अंतर २५.०१३ मिलिमीटर, २० अंशांना. प्रमाणपत्रावर तापमान का लिहितात, असं तिथल्या माणसाला विचारलं. म्हणाला, लांबीचं माप जगभर २० अंशांवर धरतात, तापमान सोडून लांबी सांगण्याला अर्थ नाही. वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

१९ जून

ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर सराव. मटेरिअलला हात लावण्याआधी एकच ठसा दहा वेळा मोजायचा, असं मॅडमनी बजावलंय. सगळ्यात लहान आकडा २४.९१, सगळ्यात मोठा २४.९६. एकच ठसा, एकच संध्याकाळ, एकच मी. ५० मायक्रॉनचा फरक, म्हणजे जे पकडायला निघाले तेवढंच माझ्या हातात हललं.

रात्री काकांना फोन केला, का कोण जाणे. त्यांनी लगेच विचारलं, "रेघ ओलांडली गेली की स्क्रू उलटा फिरवता का?" हो, फिरवते. "मग? स्क्रूला प्ले असतो, थोडी ढिलाई. उलटा फिरवलात की आधी तो प्ले भरतो, मग मायक्रोस्कोप हलतो. नेहमी एकाच बाजूने या. पुढे गेलात तर चांगलं लांब मागे जा आणि पुन्हा त्याच बाजूने या. लेथवर पोरं पहिल्या आठवड्यात हेच चुकतात."

२० जून

काकांच्या सांगण्याप्रमाणे डावीकडूनच आले. क्रॉसवायर रेघेच्या डाव्या कडेला टेकेपर्यंत सावकाश, ओलांडली तर पूर्ण मागे. दहा वाचनं २० मायक्रॉनच्या आत आली. पण या मायक्रोस्कोपचं लीस्ट काउंटच, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. टक्क्यात ०.०४. पाव टक्क्याची गोष्ट मोजायला हे उपकरण नाही. सरबत मोजायला बादली घेतल्यासारखं. काकांच्या त्या "बरं"चा अर्थ आता लागला.

२७ जून

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेट्रोलॉजी लॅबमध्ये टूलमेकर्स मायक्रोस्कोप मिळाला, ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचणारा. दुपारी २ नंतर, विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल नसतील तेव्हा. तोच ठसा, दहा वाचनं, ४ मायक्रॉनच्या आत. मला उगाचच पेढे वाटावेसे वाटले.

आणखी एक ठरवलं. आकडे मी वाचायचे, ज्युनिअरने लिहायचे, आणि मागचे आकडे मला दाखवायचे नाहीत. सरावात लक्षात आलं की मागचा आकडा डोळ्यांसमोर असला की नवा त्याच्याकडे सरकतो. यात लबाडी नसते, हात आपोआप वळतो. कुठलं मटेरिअल कुठलं हे माझ्यापासून लपवता येणार नाही, कारण पॉलिइथर जांभळं आहे आणि जांभळं दुसरं काही नाही. निदान आकडे तरी लपतील.

३० जून

पहिल्या दिवशी पुटी बसलीच नाही, म्हणजे घट्ट झालीच नाही. १० मिनिटं झाली तरी चिकट, बोटाला ओढून येणारी. बॅच खराब म्हणून दुकानदाराशी भांडायच्या बेतात होते, तेवढ्यात मावशींनी हातमोज्यांचा खोका समोर ठेवला. लॅटेक्सचे. लॅटेक्समधलं गंधक ॲडिशन सिलिकॉनच्या प्लॅटिनम कॅटलिस्टला मारून टाकतं. हे मी स्वतः ज्युनिअर्सना शिकवते. व्हिनाइलचे मोजे आणले, पुटी वेळेवर बसली. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

२ ते ६ जुलै

ठसे घेण्याचा क्रम पक्का झाला. ठोकळ्यावर रिंग, त्यात मटेरिअल, वर पॉलिथिनचा कागद, काचेची पट्टी, तीवर वजन, आणि सगळं ३५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, तोंडात असल्यासारखं. कंपनीने दिलेला सेटिंग टाइम अधिक ३ मिनिटं. मग एका झटक्यात काढायचं. हे झटक्यात काढणं म्हणजे फुशारकी नव्हे. ही मटेरिअल्स रबरासारखी असली तरी थोडी मधासारखीही असतात. हळूहळू ओढली तर ताण मुरतो आणि ठसा तसाच वाकून राहतो. आयएसओने इलॅस्टिक रिकव्हरी (दाबल्यावर मूळ आकारावर परत येणं) किमान ९६.५ टक्के मागितली आहे, ॲडिशन सिलिकॉन ९९ च्या वर जातं. पेशंटच्या तोंडातून ट्रे (मटेरिअल भरायचा साचा) हलवत, डुलवत, जपून काढणारे हाऊसमन डोळ्यांपुढे आले.

२० ची रेघ भिंगाखाली, कमी कोनातून प्रकाश टाकून तपासली. ठोकळ्यावरची खाच ठशावर उंचवटा होऊन येते, आणि तिरप्या उजेडात तिची सावली पडते. वरून दिवा लावला तर रेघ दिसतच नाही आणि चांगलं मटेरिअल नापास होतं.

९ जुलै

काल दुपारी ११ ठसे घेतले, अर्ध्या तासाची वाचनं घेतली. आज त्याच वेळी २४ तासांची घ्यायची होती. सकाळपासून मुसळधार. डोंबिवलीहून निघालेली गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. डब्यात शेजारच्या काकूंनी चिवडा दिला. त्यांना वाटलं माझी परीक्षा बुडतेय म्हणून रडवेली झालेय. लॅबमध्ये पोचायला संध्याकाळचे ७ वाजले.

वाचन घेतलं आणि थक्क झाले. ॲडिशन सिलिकॉनचा ३ नंबरचा ठसा काल २४.९७० होता, आज २४.९९७. एका रात्रीत २७ मायक्रॉन वाढला! आकसायच्या ऐवजी वाढला. दुसरा, तिसरा, सगळेच वाढलेले. आता हा प्रबंध जगभर गाजणार असं एक क्षण वाटून गेलं.

मॅडमना फोन. त्यांनी एकच विचारलं, "खोलीत किती डिग्री आहे?"

भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. ३१. सकाळी वीज गेली होती, आली तेव्हा एसी लावायला कोणी नव्हतं. काल २३ होतं.

१० जुलै

रात्रभर हिशेब. सिलिकॉन एका अंशामागे दर दहा लाखांत सुमारे १५० ते २०० ने फुगतं. ८ अंश, २५ मिलिमीटर, म्हणजे ३० ते ४० मायक्रॉन. स्टीलचा ठोकळा त्याच ८ अंशांत जेमतेम ३ मायक्रॉन हलतो. म्हणजे काल मी मटेरिअल मोजलं नाही, मुंबईचा पाऊस मोजला. कॅलिब्रेशनवाल्याने सांगितलेलं वाक्य वहीत होतं, माझ्याच अक्षरात.

आज लॅब उघडल्यावर एसी लावला, तीन तास थांबले, तेच ठसे पुन्हा मोजले. ३ नंबर: २४.९६७. ठोकळ्याच्या २५.०१३ मधून वजा केले तर ४६ मायक्रॉन, ०.१८ टक्के. पुस्तकात लिहिलंय तेवढंच. जगभर गाजण्याचा बेत रद्द.

यातूनच दुसरी गोष्ट सुचली. तोंडातल्या ३५ वरून खोलीतल्या २३ वर येतानाच त्या ४६ पैकी बरेचसे मायक्रॉन जातात. उरलेलं रासायनिक आकसणं अगदी थोडं. ॲडिशन सिलिकॉनमधून आकसवण्याइतकं काही निघून जात नाही, म्हणून ते इतकं स्थिर राहतं. कंडेन्सेशन सिलिकॉन बसताना इथाइल अल्कोहोल सोडतं, आणि ते उडत राहतं तोवर ठसा आकसत राहतो. त्याचे ठसे आजही खाली सरकलेलेच आहेत, एसी असो वा नसो.

काल-परवाची सगळी वाचनं लाल पेनने खोडली. ज्युनिअर म्हणाली, "ताई, सरासरी काढली तर काय बिघडेल?"

१२ जुलै

ज्युनिअरच्या प्रश्नाचं उत्तर गाडीत सुचलं. समजा ८.१४ ची लोकल रोज बरोबर ७ मिनिटं उशिरा येते. वेळापत्रकाप्रमाणे ती चूक, पण तिच्यावर भरवसा ठेवता येतो, ८.२१ ला प्लॅटफॉर्मवर पोचता येतं. आता दुसरी गाडी बघ. एक दिवस १० मिनिटं आधी, दुसऱ्या दिवशी १० मिनिटं उशिरा. सरासरी अगदी वेळेवर, आणि तू ती दिवसाआड चुकवणार. आयएसओच्या भाषेत पहिली गोष्ट ट्रूनेसची (सरासरी खऱ्या आकड्याच्या किती जवळ), दुसरी प्रिसिजनची (आकडे एकमेकांच्या किती जवळ), आणि दोन्ही मिळून ॲक्युरसी. एक ठसा ३० ने वाढला, दुसरा ३० ने आकसला, सरासरी शून्य. शून्य चूक असलेलं मटेरिअल म्हणून मी ते कोणाच्या दाढेवर वापरणार नाही.

म्हणून तक्त्यात चिन्हासकट फरक वेगळा आणि पसारा वेगळा असे दोन रकाने केले.

२१ जुलै

७ दिवसांची वाचनं चालू. आता खोलीत थर्मामीटर नाही, थर्मामीटरभोवती खोली आहे. ओलावाही ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असतो. जुलैत मुंबईत ते जमवायला एसी आणि डीह्युमिडिफायर दोन्ही दिवसभर चालू.

पॉलिइथरचे ठसे कोरड्या डब्यात. ते पाणी शोषतं आणि फुगतं, म्हणून निर्जंतुक करतानाही फार वेळ बुडवून ठेवत नाहीत. अल्जिनेट माझ्या विषयात नाही, तरी सुटका नाही. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने चार ठसे वहीशेजारी उघडे ठेवले आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा कडा वाकलेल्या. "एवढ्या दमट हवेत कसे सुकले?" त्याला खरंच प्रश्न पडला. अल्जिनेटला शंभर टक्के दमट हवा लागते. मुंबईचा जुलैसुद्धा त्याला पुरत नाही, आणि एसीखाली तर नाहीच. ओल्या कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आणि तरीही १०-१५ मिनिटांत कास्ट (ठशात ओतून केलेली दातांची प्रतिकृती) ओतलेला बरा. पाण्यात टाकून ठेवला तर उलट फुगतो. नाना तऱ्हा.

४ ऑगस्ट

मॅडमनी तक्ता बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "ठसा आकसला, तर डाय, म्हणजे ठशात ओतून केलेली दाताची प्रतिकृती, दातापेक्षा लहान येईल का मोठी?"

लहान, असं मी ठणकावून सांगितलं. चुकले.

ठोकळ्यावर मटेरिअल मोकळं असतं, आपल्याच मध्याकडे आकसतं, म्हणून रेघांमधलं अंतर कमी होतं. तोंडात ते ट्रेला ॲडहेसिव्हने चिकटलेलं असतं. ते ट्रेच्या भिंतीकडे ओढलं जातं, म्हणजे दाताच्या खळग्याच्या कडा बाहेर सरकतात आणि खळगा मोठा होतो. डाय रुंद येते. त्यावर केलेली कॅप जरा सैल बसते, जी सहसा चालते. ॲडहेसिव्ह सुटलं की गणित उलटतं, कॅप घट्ट होते आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, उंच लागतेय." माझे दोन महिने ज्या ठोकळ्यावर गेले, तो या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. तो मटेरिअलबद्दल सांगतो, कॅपबद्दल नाही.

मॅडमना हे आधीपासून माहीत होतं, हे उघड आहे.

११ ऑगस्ट

म्हणून दुसरा टप्पा वाढवला. स्टीलच्या दोन निमुळत्या डाय, ॲक्रिलिकचे कस्टम ट्रे, सगळीकडे मटेरिअलची जाडी २ ते ४ मिलिमीटर. टाइप फोर डाय स्टोन, म्हणजे डाय ओतायचं कडक प्लास्टर, व्हॅक्युम मिक्सरमध्ये. हातमिक्स केल्यावर जे बुडबुडे येतात, ते नेमके डायच्या मार्जिनवर, म्हणजे कॅप टेकते त्या कडेवर, जाऊन बसतात, हा माझा नाही, सगळ्या जगाचा अनुभव.

ॲडिशन सिलिकॉनच्या एका ब्रँडच्या डाय खवल्यांसारख्या आल्या, बारीक छिद्रं. ठसा काढल्या काढल्या ओतला होता. बसताना त्यातून हायड्रोजन सुटतो आणि स्टोनमध्ये अडकतो. कंपनीच्या पत्रकात थांबायला सांगितलं होतं, तेवढं थांबले आणि छिद्रं गेली.

स्टोनचं आपलं एक प्रकरण आहे. बसताना ०.१ टक्क्याच्या आसपास फुगतो, २५ मिलिमीटरमागे २५ मायक्रॉन. मोकळा ठसा आकसतो, स्टोन फुगतो, दोन चुका एकमेकींना थोडं खातात. मोजताना मात्र दोन्ही वेगळ्या मांडाव्या लागतात, नाहीतर जमाखर्च जुळतो आणि चोर सापडत नाही.

१९ सप्टेंबर

तिन्ही मटेरिअलचं काम संपलं. स्टॅटिस्टिशियनकडे फाइल. त्यांनी विचारलं, प्रत्येक ठसा किती वेळा मोजलात? तीन. आणि खोडलेली वाचनं ठेवलीत का? ठेवली आहेत, लाल शाईसकट. ती परिशिष्टात घाला म्हणाले. ९ जुलैचं पान प्रबंधात जाणार, तापमानाच्या रकान्यासकट.

ठशाऐवजी दातांचा डिजिटल स्कॅन घेणाऱ्या मित्राने चिडवलं, "आता ठसे कोण घेतं?" त्याच्या स्कॅनची एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल मूळ मॉडेलवर बसवून बघितली. सॉफ्टवेअर बेस्ट फिट करतं, म्हणजे चूक सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरवतं, आणि रंगीत नकाशा सगळा हिरवा दिसतो. कुठल्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजलंस, असं विचारलं तर त्याला सांगता येईना. भांडण पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवलं.

६ ऑक्टोबर

ठोकळ्याला तेल लावून डब्यात ठेवला. ओपीडीत पुन्हा रुजू. पहिलाच पेशंट, वरची दाढ, ॲडिशन सिलिकॉनचा ठसा. दुपारी लॅबचा मुलगा आला, ठसा पिशवीत टाकला आणि पिशवी मोटारसायकलच्या डिकीत. ऑक्टोबर हीट.

"किती वेळ लागेल रे लॅबपर्यंत?"

"आज पाच ठिकाणी जायचंय मॅडम, तीन तास धरा."

खिशातला थर्मामीटर त्याच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी फोटो आला, ४१. ॲडिशन सिलिकॉन खोलीत गेल्यावर परत मूळपदावर येईल. त्याच पिशवीत दुसऱ्या दवाखान्याचा कंडेन्सेशन सिलिकॉनचा एक ठसा होता. त्याचं अल्कोहोल या उकाड्यात आणखी भरभर उडणार, आणि गेलेलं अल्कोहोल परत येत नाही. उद्या त्याला थर्मोकोलचा डबा देणार आहे, आणि थर्मामीटर परत मागणार आहे.